चुलतभाऊ तर वाचला ना, मग तुझं गुगल कशाला?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी २८ वर्षांची आहे, मूळची कोल्हापूर जिल्ह्यातल्या भातशेतीच्या गावची, नोकरीमुळं पुण्यात असते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरले चुलते (सगळे त्यांना आप्पा म्हणतात) पावसाळा लागला की साप चावल्यावर काय करायचं याचे मेसेज टाकतात. वर घट्ट आवळून बांधा, ब्लेडनं चिरा द्या, 'नाजा २००' नावाच्या होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब जिभेवर टाका, वगैरे. गेल्या वर्षी चुलतभावाला खाचरात साप चावला, शेजारच्या गावातल्या देवरुष्याकडं नेला, दुसऱ्या दिवशी पोरगा ठणठणीत. यंदा नागपंचमीच्या सकाळी हिनं ग्रुपवर 'साप दूध पीत नाही, हे सगळं थोतांड आहे' म्हणत एक इंग्रजी लिंक टाकली. आप्पा चिडले, "शिकून लई शहाणी झालीस" म्हणाले, ही ग्रुपमधून बाहेर पडली, आई फोनवर रडली. तिचं विचारणं आहे की घरच्यांच्या या अडाणी समजुती घालवायच्या कशा, की घरातल्या शांततेसाठी सोडूनच द्यायचं? आणि पत्राच्या शेवटी, थोडं दबकत, दुसरंही एक लिहिलंय: मी स्वतः शोधायला बसले तर तीन साइटवर तीन वेगळी उत्तरं मिळाली, मग मी तरी नक्की कशावर विश्वास ठेवायचा?

*

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. अगंतुगं करतेय म्हणून रागावू नकोस, माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची आहे, आणि मीही सातारकडच्या एका खेड्यातच वाढलेली आहे, त्यामुळं तुमचं घर मला डोळ्यासमोर दिसलं.

सुरुवात चुलतभावापासून करू, कारण तुमच्या घरातलं सगळं भांडण त्याच्यापाशी अडकलंय. तू लिहिलंयस की घरचे 'अडाणी समजुतीत' आहेत. पण आप्पांनी काय बघितलं ते जरा आठव. पोराला साप चावल्याचं त्यांनी बघितलं, देवरुष्यानं मंत्र म्हणत पाणी मारलेलं बघितलं, आणि सकाळी पोरगं ओट्यावर बसून चहा पिताना बघितलं. त्यांच्याकडं पुरावा आहे आणि तो रोज त्यांच्या समोरून चालत जातो. त्याच्यासमोर तू काय ठेवलंस, तर एक इंग्रजीतली लिंक. मी आप्पांच्या जागी असते तर मीही पोरावरच विश्वास ठेवला असता. आप्पांनी बघितलं ते खरंच आहे, त्यातून त्यांनी काढलेला अर्थ तेवढा चुकतोय, आणि तो नेमका कुठं चुकतोय हे आधी तुला उमगायला हवं, नाहीतर तूही त्यांच्यासारखीच कुणाच्या तरी शब्दावर विसंबून भांडत राहशील.

तर कागद घे आणि माझ्याबरोबर हिशोब कर. सर्पदंशावर उपचार कसे करायचे याची आपल्या देशातल्या डॉक्टरांसाठी एक सरकारी मार्गदर्शिका आहे, तिच्यात प्रथमोपचारात सगळ्यात आधी लिहिलंय की पेशंटला धीर द्या, कारण साप चावलेल्या १०० जणांमधल्या साधारण ७० जणांना बिनविषारी साप चावलेला असतो, आणि विषारी साप चावला तरी निम्म्याच वेळा विष अंगात उतरतं. म्हणजे देवरुष्याच्या दारात १०० माणसं आली तर त्यातली ३० विषारी सापाची, आणि त्या ३० मधल्या १५ जणांच्याच अंगात खरं विष. बाकीची ८५ माणसं तुम्ही मंत्र म्हणा, पाला बांधा, नाहीतर नुसतं वडाखाली बसवून ठेवा, ती आपल्या पायानं घरी जाणारच आहेत. त्या १५ मधलेही सगळे दगावत नाहीत, कुणाच्या अंगात थोडंच विष गेलेलं असतं. आता सांग, काहीही न करता शंभरातले पंच्याऐंशी बरे होणार असतील तर त्या माणसाची पंचक्रोशीत ख्याती होणार नाही तर काय होईल? आणि तो देवरुषी फसवणाराच असेल असंही नाही हं, त्यालासुद्धा मनापासून वाटत असणार की आपल्या हाताला गुण आहे, कारण त्यानंही डोळ्यांनी तेच बघितलंय.

मग उरलेल्यांचं काय होतं? ते मोजलेच जात नाहीत, सगळा घोळ इथं आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या वस्तीवरचा एक गडी, तरणाताठा, पडवीत घोंगडं टाकून झोपलेला, पहाटे उठला तो पोटात कळा येतात म्हणून. त्याला ओवा दिला, मग कुणाला तरी शंका आली, मग मारुतीच्या देवळात नेऊन बसवला, कडुनिंबाचा पाला चावायला दिला, कडू लागतोय का विचारलं, तो लागतोय म्हणाला म्हणून सगळ्यांनी श्वास सोडला. त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, सगळ्यांना वाटलं रात्रभर झोप नाही म्हणून. दिवस वर यायच्या आत गेला. त्याच्या बायकोचा आवाज मला अजून आठवतो. मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं की ही सगळी मण्यारीच्या चाव्याची लक्षणं होती, मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा बऱ्याचदा कळतसुद्धा नाही, दात उमटलेले दिसत नाहीत, आधी पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. पण तेव्हा गावात काय म्हणाले? "वेळ भरली होती." "उशिरा आणला." कुणीही म्हटलं नाही की देवळात बसवण्यात दोन तास गेले. वाचला तर गुण मंत्राचा, गेला तर दोष नशिबाचा किंवा उशिराचा, अशी मांडणी असली की ते कधी खोटं ठरूच शकत नाही, आणि जे कधीच खोटं ठरू शकत नाही त्यावर जीव टाकायचा नसतो हे मी त्या दिवसापासून शिकले.

हे आमच्या एका गावापुरतं नव्हतं. २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात घरोघरी जाऊन 'तुमच्या घरात कोण कशानं गेलं' हे विचारून अंदाज काढला होता. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरात. आणि हे मृत्यू बहुतेक खेड्यात, घरीच झालेले, म्हणून दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये त्यांची नोंदच नाही. देवरुष्याकडं तर वही नसतेच. बऱ्या झालेल्या माणसाची गोष्ट दहा गावं फिरते, गेलेल्याची गोष्ट त्याच्या घरातच राहते.

आता तुझ्याकडं येते, कारण तुझ्या पत्रातला तो शेवटचा दबका प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटला. तुझ्या मनात असं एक गणित दिसतंय की फॉरवर्ड म्हणजे अफवा आणि वेबसाइट म्हणजे ज्ञान. तसं नसतं गं. तू ज्या तीन साइटचं लिहिलंयस त्या तिन्ही मी उघडून बघितल्या.

पहिली म्हणते रुमालानं घट्ट बांधा आणि चिरा द्या. हे कुणी तरी मनानं रचलेलं नाहीये, माझ्या पिढीला प्रथमोपचारात हेच शिकवलं जायचं, मी स्वतः परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. नंतर डॉक्टरांनीच हे मागं घेतलं, कारण घट्ट बांधल्यानं रक्तपुरवठा तुटून पाय काढायची वेळ येते, आणि दवाखान्यात बांधलेलं एकदम सोडलं की अडलेलं विष एकदम अंगभर पसरतं. आणि चिरा देणं तर घोणस किंवा फुरसं चावलेल्याला फार धोक्याचं, कारण त्यांच्या विषानं रक्त गोठायचंच थांबतं, छोटी जखम पण वाहत राहते. म्हणजे ती साइट खोटारडी नाहीये, जुनी आहे, पण पानावर तारीखच नाही त्यामुळं तुला कळणार कसं. आप्पा जे सांगतात ते त्यांच्या शाळेतलंच असणार हेही लक्षात घे, त्यांना 'चूक' म्हणण्याआधी 'आता डॉक्टरांनी बदललंय' म्हणून बघ, केवढा फरक पडतो.

दुसरी साइट म्हणते पूर्ण पायाला लवचिक बँडेज दाबून गुंडाळा. ती ऑस्ट्रेलियाची आहे, आणि अगदी विश्वासू आहे, तिथल्या लोकांसाठी. तिथल्या बहुतेक विषारी सापांचं विष चावलेल्या जागेचं मांस फारसं नासवत नाही, त्यामुळं ते पसरायचा वेग कमी करणं तिथं उपयोगी. आपल्याकडं घोणस आणि फुरशाचं विष चावलेल्या जागेचं मांसच नासवतं, तिथं विष दाबून कोंडून ठेवलं तर नुकसान वाढतं, म्हणून आपल्या मार्गदर्शिकेत तसं गुंडाळायला सांगत नाहीत. माहिती खरी असून आपल्या कामाची नसणं, हा प्रकार इंटरनेटवर सगळ्यात फसवा आहे असं माझं मत आहे, कारण साइट दिसायला चांगली, डॉक्टरांची नावं, सगळं नीट असतं आणि आपण 'कुठल्या देशातली' हे बघायचं विसरतो. औषधांचे डोस, खतांचं प्रमाण, बाळाचं खाणं, सगळ्यात हे होतं.

तिसरी, काही बांधू नका, हलवू नका, दवाखान्यात न्या म्हणणारी, ती बरोबर. आणि ती एवढी साधी आहे की कुणी शेअर करत नाही.

मग ओळखायचं कसं? मी स्वतः काय करते ते सांगते. आधी बघते कुणी लिहिलंय आणि त्याला काही विकायचंय का. मग तारीख. मग कुठल्या जागेसाठी लिहिलंय. आणि चौथं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, लिहिणारा स्वतःच्या मर्यादा सांगतो का. जो म्हणतो 'शंभर टक्के गुण, कुठलाही साप असो' त्याला मी तिथंच सोडते. याचं चांगलं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावून माणसं, जास्त करून लहान पोरं, मरायची, हृदयावर परिणाम व्हायचा. तिथंच राहून, पेशंटच्या खाटेशेजारी बसून, त्यांनी एकेकाची नोंद ठेवली, आणि ब्लड प्रेशरसाठीचं प्रॅझोसिन नावाचं स्वस्त औषध विंचूदंशावर उपयोगी पडतं हे १९८० च्या दशकात लॅन्सेटसारख्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. जगभरच्या डॉक्टरांना ते तपासता आलं, कारण वाचलेले किती आणि गेलेले किती हे दोन्ही लिहिलेलं होतं. पुढं २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. हे तुला एवढ्यासाठी सांगतेय की विश्वासू म्हणजे इंग्रजी, विश्वासू म्हणजे परदेशी, असं काही नाहीये, खेड्यातलं ज्ञानसुद्धा सगळ्यात वरच्या दर्जाचं असू शकतं, फक्त त्यानं गेलेल्यांची पण वही ठेवलेली पाहिजे.

आणि हीच फूटपट्टी आप्पांच्या 'नाजा २००'ला लाव. नाजा हे नागाचं शास्त्रीय नाव, नागाच्या विषापासून ते बनवतात म्हणून तसं नाव. २०० म्हणजे एका भागात ९९ भाग पातळ मिसळायचं, त्यातला परत एक भाग घेऊन परत ९९ मिसळायचे, असं दोनशे वेळा. बाराच वेळा केलं तरी मूळ पदार्थाचा एक कणही उरण्याची आशा जवळजवळ संपते. होमिओपॅथीवर सर्दी-पडशाला कुणाचा विश्वास असेल तर तो त्यांचा प्रश्न, मी त्यात पडत नाही, पण मण्यार चावलेल्या माणसाला थेंब देऊन वाट बघणं याला मी कधीच हो म्हणणार नाही. मेसेजच्या वर दोन बाण दिसतात बघ, त्याचा अर्थ तो खूप जणांनी पुढं ढकललाय एवढाच, खूप जणांनी तपासलाय असा नाही. आणि खाली 'जनहितार्थ, प्रत्येक ग्रुपवर पाठवा' असतं पण कुठला दवाखाना, कुठला डॉक्टर, कधी, यातलं काही नसतं. विचारायला फोन कुणाला करणार आपण?

आता गुगलवर विचारलं की वरच तयार उत्तरही येतं, मशीननं जुळवलेलं. ते छान मराठीत असतं, पण ते असल्याच जुन्या-नव्या, इथल्या-तिथल्या पानांतून आलेलं असू शकतं, त्यामुळं त्यालाही हेच प्रश्न विचारायचे.

यूट्यूबवर साप ओळखायला शिकवणारे व्हिडिओ आहेत, ते बघ जरूर, मला स्वतःला फार आवडतात, पण त्यावर जीवाचा निर्णय घेऊ नकोस. कवड्या आणि मण्यार किती जण गोंधळतात माहितीये? कवड्या बिनविषारी, घराच्या भिंतीवर फिरतो, त्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे पातळ, बऱ्याचदा जोडीजोडीनं, डोक्याकडं पुसट आणि शेपटीकडं ठळक. वाचताना सोपं वाटतं, रात्री अकरा वाजता बॅटरीच्या उजेडात, घरात रडारड चालू असताना, कोण पट्टे मोजणार? तसंच डुरक्या घोणस बिनविषारी आणि घोणस भयानक विषारी, ठिपक्यांवरून भलेभले फसतात. आणि साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरजच नाही गं, आपल्याकडचं प्रतिविषाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर मिळून एकच असतं, डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. सापाच्या मागं धावण्यात दुसऱ्याला चावा बसतो तो वेगळाच. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

एक गोष्ट आप्पांना नक्की आवडेल असं मला वाटतं. कडुनिंबाच्या पाल्यानं विष चढलंय का बघतात ना, तशीच एक चाचणी दवाखान्यातही असते, तीही साधीच. काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करून बघतात. गोठलं नसेल तर घोणस-फुरशासारखं विष अंगात आहे. पेशंटला काय वाटतंय, काय चव लागतेय यावर काही अवलंबून नाही, शेजारी उभा असलेला कुणीही बघू शकतो. मण्यार-नागाच्या विषाला ही चाचणी लागू पडत नाही, तिथं पापण्या, गिळणं, श्वास बघतात, हेही सांग त्यांना. शेतकरी माणसाला, जो माती हातात चुरगाळून वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ओळखतो, चाचणी म्हणजे काय हे आपण शिकवायला लागत नाही.

आणि हो, तू पण उलट्या बाजूनं तीच चूक करू नकोस. 'दवाखान्यात नेलं की माणूस वाचतोच' असं घरी सांगू नकोस. प्रतिविष अंगात आधीच झालेलं नुकसान भरून काढत नाही, ते उरलेल्या विषाला बांधतं, म्हणून तर वेळेला एवढी किंमत. त्याची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं असतं. मण्यारीच्या चाव्यात कधी कधी व्हेंटिलेटर लागतो, आणि तो तालुक्याला असेलच असं नाही. दवाखान्यात नेऊनही एखादा जाईल, आणि त्या दिवशी तुझा शब्द खोटा पडला तर पुढच्या दहा जणांना घरचे देवळात नेतील. म्हणून जेवढं खरं आहे तेवढंच सांग, मंत्रापेक्षा कितीतरी जास्त माणसं वाचतात आणि जेवढं लवकर तेवढं बरं, एवढं पुरे आहे.

नागपंचमीचं मात्र तुझं चुकलं असं मी स्पष्ट सांगते. साप दूध पीत नाही हे खरंच आहे, सरपटणाऱ्या प्राण्याला दूध पचत नाही, गारुडी त्याला तहानलेला ठेवतात म्हणून तो समोर येईल ते पितो आणि मग आजारी पडतो. पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, पुंगीच्या हालचालीवर डोलतो. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते हेही खोटं, ती उंदीर खाऊन तुमचं भात वाचवते. पण तुझ्या आईनं त्या सकाळी काय केलं असेल? पाटावर गंधानं नाग काढला असेल, लाह्या-दूध दाखवलं असेल, त्या दिवशी काही चिरलं नसेल, तवा ठेवला नसेल, आप्पांनी नांगर धरला नसेल. यात कुणाचा जीव जातो? उलट एक दिवस तरी जमिनीतल्या जिवाला धक्का लावायचा नाही म्हणतात. आणि तू नेमक्या त्याच सकाळी 'सगळं थोतांड' म्हटलीस, त्यात आईची पूजा आणि आप्पांचा ब्लेडचा सल्ला एकाच टोपलीत गेले. आईला त्या दिवशी फोन करून 'दूध पितच नाही' हे समजावण्याची काही घाई नव्हती. दारात गारुडी आला तर मात्र त्याच्या सापाला दूध पाजू नका, हे आईला प्रेमानं सांग, तिला सापाचे हाल होतात हे कळलं तर ती स्वतःच थांबेल.

माझं म्हणणं, सगळ्या समजुती एकदम घालवायच्या मागं लागू नकोस. ज्यानं जीव जातो ती एक धर. इथं ती एकच आहे: चावल्यानंतरचा पहिला तास कुठं जातो.

आता आप्पांशी बोलायचं कसं. ग्रुपवर अजिबात नाही. चार पुतणे, दोन जावई, सुना बघत असताना साठीचा माणूस 'माझं चुकलं' म्हणेल का कधी? गावी जाशील तेव्हा त्यांच्याबरोबर शेताकडं चालत जा आणि आधी विचार, "आप्पा, आपल्या रानात कुठं कुठं साप निघतात हो?" त्यांना तुझ्यापेक्षा हजारपट माहिती आहे. गवताची गंजी, शेणीचा ढीग, विहिरीची कडा, बांधावरची दगडं. मग हळूच तो १०० आणि १५ चा हिशोब काढ, जसा मी काढला तसाच, आणि भावाचं नाव घेऊन म्हण, "आपलं पोरगं त्या पंच्याऐंशीमधलं होतं असं मला वाटतं, पुढच्या वेळी पंधरातलं असलं तर?" एवढंच, आणि गप्प बस. लगेच हो म्हणायला लावू नकोस.

देवरुष्याला सोडा असंही म्हणू नकोस. म्हण की त्यांनाही गाडीत घेऊ, मंत्र वाटेत म्हणू देत, पण गाडीचं तोंड दवाखान्याकडं पाहिजे. काही जणांना हे मान्य होणार नाही, माझ्यावर टीकाही करतील की तुम्ही अंधश्रद्धेला सवलत देताय. असू दे. मला तो पंधरातला माणूस वाचायला हवाय, आणि मंत्र ऐकत ऐकत तो वेळेवर पोचला तर माझं काही बिघडत नाही.

आणि इंटरनेट बंद करून एक शोध कर, जो कुठल्याच साइटवर सापडणार नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचार की सर्पदंशाचं इंजेक्शन सध्या शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसले तर पुढं कुठं पाठवतात. हे काम आप्पांनाच सांगितलंस तर फार उत्तम, त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, तिथल्या डॉक्टरांशी ते समोरासमोर बोलतील आणि मग ती माहिती त्यांची स्वतःची असेल. गावातल्या आशा आरोग्यसेविकेला पण विचार, तिला बहुतेक सगळं ठाऊक असतं. हा सल्ला बाकीच्या वाचणाऱ्यांनाही आहे, मग तुमच्या घरातला वाद डायबेटिसच्या गोळ्या सोडण्यावरून असो नाहीतर लसीवरून: फॉरवर्डला उत्तर म्हणून दुसरी लिंक पाठवण्यापेक्षा, घरच्यांना ज्या माणसाला समोर बसून प्रश्न विचारता येईल असा जवळचा डॉक्टर शोधून द्या.

पावसाळ्यात वडिलांना गमबूट आणि चांगली बॅटरी घेऊन दे, आई पडवीत खाली झोपत असेल तर खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. याच्यावर तुमच्या घरात कुणाचं दुमत होणार नाही.

मग परत ग्रुपमध्ये ये, आप्पांनाच ॲड करायला सांग. आणि त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्याच नंबरवरून हा मेसेज जाऊ दे, मी जमेल तेवढा साधा लिहिलाय:

"साप चावला तर घाबरवू नका, धीर द्या. बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी, जोडवी, बांगड्या, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा आधार देऊन, न हलवता ठेवा. चालवत नेऊ नका. १०८ ला फोन करा, गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. कधी चावला, तेव्हापासून काय काय झालं (उलटी, पोटदुखी, पापण्या जड, रक्त, सूज) ते डॉक्टरांना सांगा. झोपेतून उठून अचानक पोटात कळा आणि डोळे जड झाले तर खूण दिसत नसली तरी लगेच न्या."

खाली तारीख टाका, ज्या डॉक्टरांना विचारलं त्यांच्या दवाखान्याचं नाव टाका, आणि तिथला फोन नंबर आप्पांनी स्वतः लावून बघितल्यावरच टाका.